मोराची कुंची

पाथरीला जायचं ठरलं की आई आठ दिवस आधीपासून गप्प व्हायची. एरवी ती अशी नव्हती. चुडाव्याचं आमचं घर स्टेशनापासून लांब, पण रुळांपासून हाकेच्या अंतरावर. गाडी गेली की फळीवरची भांडी खुळखुळायची, आणि आई त्या भांड्यांनाही "झालं का तुमचं?" म्हणून विचारायची. भाकरी थापताना बोलायची, गाईशी बोलायची, माझ्या केसांतल्या गुंत्याशी भांडायची. पण पौष लागला आणि अण्णांनी पंचांगावरून डोळे उचलून "पाथरीला कार्ड टाकतो" म्हटलं, की तिचं तोंड मिटलंच. आमटीचं येसर दळायचं, शेंगदाण्याची चटणी कुटायची, माझ्या परकराला टीप घालायची, सगळं मुक्यानं. मला लहानपणी वाटायचं, तिला जायचंच नसतं. पुष्कळ मोठी झाल्यावर ध्यानात आलं की तिथं गेल्यावर नको तो शब्द तोंडून निसटू नये म्हणून ती घरूनच तोंडाला कुलूप लावायची सवय करत होती.

नको तो शब्द म्हणजे 'बाळू'. बाळू माझा धाकटा भाऊ. दादा, मी आणि बाळू अशी आम्ही तिघं. बाळू दीड वर्षाचा असताना अण्णांनी त्याला पाथरीच्या आत्याला दत्तक दिला. आत्या अण्णांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच अण्णांना कडेवर घेऊन वाढवलेलं. तिच्या लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा हलला नाही, आणि तिनं भावापुढं पदर पसरला तेव्हा अण्णांच्या तोंडून 'नाही' निघालं नाही. आईला विचारलं होतं का, हे मी अण्णांना त्यांच्या म्हातारपणी एकदा विचारलं. "विचारायचं काय त्यात, ती काय परकी होती?" म्हणाले. बाळू अंगानं गुटगुटीत होता, पण बोलायला उशीर लागलेला. पाहिजे त्या वस्तूकडं नुसतं बोट दाखवायचा. जीभ सुटावी म्हणून आई त्याला रोज वेखंड उगाळून चाटवायची आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. मग एके दिवशी होम झाला, आई-अण्णांनी त्याला आत्याच्या ओटीत दिला, त्याचं नाव मधुकर ठेवलं. मी तेव्हा पाच वर्षांची. मला होमाचा धूर आणि बुंदी तेवढी आठवते. खोटं कशाला सांगू.

त्या दिवसापासून आत्या त्याची आई झाली, आत्याचे यजमान तात्या बाबा झाले, अण्णा मामा आणि आमची आई मामी. मी तेवढी अक्का होते ती अक्काच राहिले, माझं काही गेलं नाही. तात्यांनी एकच अट घातली होती. मुलगा पुरता जाणता होईपर्यंत त्याला हे कळता कामा नये. मामीनं वर्षाकाठी एकदा यावं, आठ दिवस राहावं, त्याला डोळे भरून बघावं, पण मामी म्हणून. बोभाटा झाला तर येणं बंद. तात्या दुष्ट होते असं कुणी समजू नये. ते तहसिलीत पेशकार होते, उभा जन्म दुसऱ्यांच्या अर्ज्या वाचण्यात गेलेला, आणि कुठल्याही गोष्टीला अट असल्याशिवाय ती पक्की होत नाही असं त्यांना मनापासून वाटायचं. आई नऊ-दहा वर्षं त्या अटीत राहिली.

पाथरीचं घर मला अजून आवाजानं आठवतं. तात्यांचा अडकित्ता सकाळी कुटकुट सुरू व्हायचा. मागच्या अंगणात पाण्याच्या बंबात गोवऱ्या धुमसायच्या, आडावरचा रहाट कुरकुरायचा. पोलीस ॲक्शननंतर राज्य बदललं, तहसिलीतली उर्दू गेली आणि मराठी आली, तेव्हा आयुष्यभर उर्दूत फर्डं लिहिणारे तात्या संध्याकाळी ओसरीवर बसून मधूच्या पाटीवर बाळबोध अक्षरं गिरवायचे. मधू त्यांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचा आणि ते "बिलकुल बरोबर, मास्तर" म्हणायचे. पोराला जीव लावला होता त्यांनी, हे मान्य केलं पाहिजे. आत्या तर त्याच्या मागं ताट घेऊन फिरायची. आम्ही गेलो की मात्र त्या आठ दिवसांत तिचा डोळा लागत नसे. मला नवा परकर-पोलका शिवायची, आईला बळंच चार घास जास्त वाढायची, आणि आई मधूच्या जवळपास दिसली की हातातलं काम टाकून तिथं येऊन उभी राहायची. दोघी एकमेकींशी लय गोड बोलायच्या.

आईला तिथं एकच मोकळीक होती, दशम्यांची. दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची, तव्यावर तुपाचं बोट फिरवून केलेली तिची दशमी मधूला फार आवडायची. "मामी आली, दशम्या कर" म्हणून तो चुलीपुढं फतकल मारून बसायचा आणि ती एकेक करून त्याच्या ताटात टाकायची. मधूची मुंज झाली तेव्हा मातृभोजनाला आत्या त्याच्या शेजारी पाटावर बसली आणि वाढायला आई होती. भिक्षावळीनंतर मुंजा काशीला निघतो, मामा त्याला अडवून म्हणतो, जाऊ नको, तुला माझी मुलगी देतो, आणि सगळा मांडव हसतो. मामाची मुलगी म्हणजे मी. भटजींनी हात वर केला, अण्णांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ते बोलणंच गाळून पुढचं सुरू केलं. मांडवात कुणी हसलं नाही. सगळ्या पाथरीला ठाऊक होतं. पेशकारांच्या घरची गोष्ट म्हणून कुणी तोंडावर बोलत नव्हतं, एवढंच. मधू मात्र तेवढ्यात मला म्हणाला, "अक्का, मामानं मला अडवलंच न्हाई की!"

आता नाटकाचं सांगते. नाटकाचं नाव विसरलीस कशी, असं माझी सून मला विचारते. विसरले, काय करू? बाकी सगळं लख्ख आठवतं. मी पंधरा वर्षांची होते, मधू अकराचा. परभणीहून शाळामास्तरांची एक नाटक मंडळी आली होती. पाथरीत तोवर नाटक म्हणजे देवादिकांचं, मुकुट-गदावालं. हे आजचं नाटक, आपल्यासारख्या माणसांचं, असा बोलबाला झाला. ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीच्या दिवसांत लोक घरंदारं सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत पळाले, त्या दिवसांवरचं आहे, असं तात्यांना कुणीतरी सांगितलं. म्हणजे देशभक्तीचं असणार, असं धरून तात्यांनी पुढाकार घेतला. बंद पडलेल्या कापसाच्या जिनाची पत्र्याची शेड मिळवून दिली, सतरंज्या दिल्या, बायकामुलांसाठी दुपारचा वेगळा खेळ ठरवला. नाटकात पुढं काय होतं हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. दुसऱ्याच्या अर्जीचा शेवट आधी वाचणारा माणूस, पण इथं चुकला.

मंडळींनी सामान बरोबर आणलं नव्हतं. तशी रीतच होती, ज्या गावी खेळ त्या गावच्या घरांतून पाट, समया, झोपाळा, शालजोडी मागून आणायची. आमच्याकडं मागायला आले ते चित्रकलेचे मास्तर होते. लुकडे, मऊ बोलणारे, मिशी नुकतीच काढल्यानं वरचा ओठ पांढरा पडलेला. नाटकात आईचं काम हेच करणार होते. त्यांनी तात्यांचा कोट घेतला, पितळी डबा घेतला आणि मग जरा लाजून म्हणाले, "बाई, एखादी लहान लेकराची कुंची असली तर पाहिजे होती. जुनी असली तर बरी." आत्या पुरणाच्या हातानं बसली होती. मला म्हणाली, "माजघरातल्या ट्रंकेत बघ गं, असंल एखादी."

ट्रंकेत दोन कुंच्या होत्या. एक जांभळ्या मखमलीची, तात्यांच्या लहानपणची. दुसरी हिरव्या खणाची. ती पाहिल्याबरोबर मी ओळखली. आईच्या लग्नातल्या खणाची होती ती, आतून अण्णांच्या जुन्या धोतराचं अस्तर आणि पाठीवर लाल दोऱ्यानं काढलेला मोर. मोर कसला, पिसारा फुटलेली कोंबडीच! आईला शिवण यायचं, चित्र येत नव्हतं. ती कुंची घालून बाळू पाथरीला आला होता. आत्यानं ती टाकून दिली नव्हती, डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवली होती. मी दोन्ही कुंच्या हातात घेऊन बसले. मास्तरांना जुनीच पाहिजे होती, मखमलीची जास्त जुनी होती. मी हिरवी उचलली. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की अंधारात हाताला लागली ती दिली. माजघरात खिडकी होती. आईला दिसावं की तिची कुंची अजून आहे, एवढंच माझ्या मनात होतं की आणखी काही होतं, ते मला आजही सांगता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात चांगलं आणि वाईट वेगवेगळ्या डब्यांत भरलेलं नसतं.

शेडमध्ये एका बाजूला बायका, पुढं सतरंजीवर मुलं, आणि कडेला तात्यांसारख्या चार मानकऱ्यांच्या खुर्च्या. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या तिरिपी आत आलेल्या, आणि तुळयांवर राहून गेलेला कापूस मधूनच एखादा पुंजका सोडायचा. तो हळूहळू खाली यायचा, पोरं तो धरायला हात वर करायची. मधू पुढं बसला होता, त्याच्या केसांत कापूस अडकलेला मला दिसत होता. आई माझ्या शेजारी, पलीकडं आत्या. पडदा उघडला आणि पाहतो तर काय, रंगमंचावर स्वयंपाकघर. आमच्यासारखंच. बायका कुजबुजल्या, काहींना हसू आलं. चुलीपुढं ते चित्रकलेचे मास्तर बसले होते, सुती लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. पाच मिनिटांत मी ते मास्तर आहेत हे विसरले.

गोष्ट अशी होती. एक सधन घर, नवरा-बायको, त्यांचा एकुलता मुलगा. त्या घरी एक स्वयंपाकीण कामाला लागते. ती मुलाला जरा जास्तच माया करते, मालकीणबाईला ते खटकतं. पुढं उलगडतं ते असं, की धामधुमीत ही बाई कडेवरचं लेकरू घेऊन पळताना स्टेशनवरच्या रेटारेटीत तिनं ते एका अनोळखी बाईच्या मांडीवर ठेवलं, दुसऱ्या पोराला डब्यात घ्यायला वळली आणि गाडी सुटली. मालकीणबाई म्हणजे ती अनोळखी बाई. इथवर आलं तेव्हा बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले. पळालेली माणसं त्यांच्यातही होतीच. तात्या खुर्चीत सरळ होऊन बसले. देशभक्ती कुठं दिसेना. आत्यानं आपला पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आई मात्र शांत होती, हातातली सुपारी तशीच धरून बघत होती, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललं आहे.

मग तिसऱ्या अंकात मास्तरांनी पेटीतून कुंची काढली. पाठ प्रेक्षकांकडं करून उलगडली, उन्हाची तिरीप नेमकी तिच्यावर आलेली. हिरवा खण, लाल मोर. मास्तर मालकीणबाईला म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "मला काही नको बाई. त्यानं एकदा मला हाक मारावी, मग मी जाते." आणि माझ्या शेजारी आई उभी राहिली.

ती ओरडली नाही, रडली नाही, पुढं गेली नाही. नुसती उभी राहिली. मागून एक-दोघी म्हणाल्या, "खाली बसा की बाई," आणि मग कोण उभं आहे ते त्यांनी पाहिलं. आई कुंचीकडंही बघत नव्हती. ती पुढं बसलेल्या मुलांमध्ये एका डोक्याकडं बघत होती. बायका एकीमागून एक वळल्या, आईकडं पाहिलं, आई जिकडं बघत होती तिकडं पाहिलं. रंगमंचावर मास्तर बोलत होते आणि त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. पुढच्या पोरांना वाटलं मागं काही झालं, म्हणून ती वळली. सगळ्यांच्या शेवटी मधू वळला. त्यानं आईला पाहिलं, मग साऱ्या बायका आपल्याकडं का बघायल्यात ते त्याला कळेना, म्हणून तो हसला. हसला आणि मग त्याचं हसू हळूहळू गेलं. आत्या खालून आईचा पदर ओढत होती. "वहिनी, बसा. वहिनी, तुमच्या पाया पडते, बसा." आई बसली. सुपारी खाली सांडली होती. नाटक पुढं झालं, मुलगा धावत येऊन त्या स्वयंपाकिणीच्या गळ्यात पडला आणि पडदा पडला. कुणी लिहिलं होतं कुणास ठाऊक, पण शेवट त्यानं गोड केला होता.

आम्ही घरी निघालो. मधू सगळ्यांच्या पुढं, एकटा, वाटेतले दगड चपलेनं उडवत. मी आडावर पाणी शेंदायला गेले तेव्हा तो मागून आला. म्हणाला, "अक्का, ती कुंची आपल्या ट्रंकेतली ना? माझी?" मी हो म्हणाले. "आई म्हणती तिनं शिवली." मी रहाटाचा दोर धरून उभी. मला गप्प बसता आलं असतं. आई दहा वर्षं गप्प बसली होती, मला दहा मिनिटं जमलं नाही. मी म्हणाले, "आत्याला विचार तिला खण कुठनं मिळाला ते. मामीनं शिवली ती." पोरगं हुशार होतं, तात्यांना ऱ्हस्व-दीर्घ शिकवणारं. त्यानं पुढं एक अक्षर विचारलं नाही. भरलेली कळशी मी उचलेपर्यंत तो तिथून गेलाही होता.

संध्याकाळी आईनं दशम्या केल्या. नको करू असं तिला कुणी म्हणालं नाही आणि तिलाही दुसरं काही सुचलं नसावं. तात्या आणि मधू पाटावर बसले. आईनं पहिली दशमी मधूच्या ताटात टाकली. तो तिच्याकडं न बघता ताटाकडं बघत म्हणाला, "मामी, तुमी मला का दिलं?" तात्यांचा घास हातातच राहिला. तव्यावरची दशमी करपायला लागली, तिचा वास मला अजून येतो. आई म्हणाली, "आत्यांना लेकरू नव्हतं रे राजा." मधू म्हणाला, "मग दादाला द्यायचं होतं." थोरला मुलगा देत नाहीत, मुलगी कुणी मागत नाही, राहिला तो तू, हे काय अकरा वर्षांच्या पोराला सांगायचं? मधू भरल्या ताटावरून उठला, दारात उभ्या असलेल्या आत्याकडं गेला आणि तिच्या कमरेला मिठी मारून तिच्या लुगड्यात तोंड घातलं. आत्या रडत होती. तिच्या रडण्यात सुटल्याचा आनंद होता असं मला तेव्हा वाटलं आणि मी तिचा भयंकर राग केला. आता मी स्वतः आजी आहे. त्यात आनंद होताच, पण नुसता आनंद नव्हता, एवढं मला आज दिसतं. आईनं ताटातली दशमी उचलून गाईच्या घमेल्यात टाकली.

चार दिवस राहायचे बाकी होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. तात्या मोटारीपर्यंत पोचवायला आले. ते रागावले नव्हते. फक्त म्हणाले, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, बाई. पोराच्या डोक्यातनं जरा जाऊ द्या." आई मान हलवून हो म्हणाली. मधू आला नव्हता, झोपला आहे असं आत्यानं सांगितलं होतं. मोटार सुटायला अवकाश होता, तेवढ्यात चित्रकलेचे मास्तर धापा टाकत आले. दाढीचे खुंट वाढलेले, कपाळाच्या कडेला रंग तसाच. हातात कुंची, नीट घडी केलेली. रंगमंचावरून त्यांना सगळं दिसलं असणार. ते तात्यांकडं गेलेच नाहीत, सरळ आईपुढं येऊन म्हणाले, "बाई, ही तुमची." मला वाटलं, आता आई घेईल. माझे हात पुढं झालेसुद्धा. आईनं त्या मोरावरून एकदा बोट फिरवलं, आणि म्हणाली, "ती त्यांच्या घरची आहे. त्यांना द्या." तात्यांनी ती घेतली आणि कोटाच्या खिशात घातली. तो कोटही नाटकाहून नुकताच परत आला होता. मास्तरांनी खाली वाकून आईच्या पायांना हात लावला आणि मागं न बघता निघून गेले.

मानवत रोडला गाडीत बसलो. परभणी गेली, पूर्णा गेली. आई खिडकीशी. पूर्णा सोडल्यावर तिनं मला विचारलं, "तू दिलीस ना ती कुंची?" मी म्हणाले, आत्यानंच सांगितलं होतं. "ट्रंकेत दोन होत्या," आई म्हणाली, आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. तिनं मला त्या आधी किंवा नंतर कधीही इतकं घालून पाडून बोललेलं मला आठवत नाही. चुडाव्याला उतरलो तर दादा बैलगाडी घेऊन आलाच नव्हता, कारण आम्ही येणार हे कुणाला माहीतच नव्हतं.

पुढच्या पौषात आईनं येसर दळलं नाही. पाथरीहून कार्ड आलं, मधूची परीक्षा आहे, यंदा नको. त्याच्या पुढच्या वर्षी काहीच आलं नाही. आई परत बोलायला लागली होती, गाईशी, भांड्यांशी, माझ्याशी. तिचं काही बिघडलं आहे असं कुणाला वाटलं नाही. मग त्या पावसाळ्यात तिला ताप धरला आणि अठराव्या दिवशी ती गेली. तापात ती पुष्कळ बडबडली, पण ते एक नाव तिनं घेतलं नाही. इतकी सवय झाली होती.

तात्या मधूला घेऊन दुसऱ्या दिवशी आले. तेरा वर्षांचा मधू उंच झालेला, आवाज फुटलेला. अग्नी दादानं दिला होता, मधू वेळेवर पोचला असता तरी शास्त्रानं त्याचा हक्क नव्हता. दत्तक गेलेल्याला जन्मदात्या आईचं सुतक तीन दिवसांचं. माझं लग्न अजून व्हायचं होतं म्हणून मला पुरे दहा. चौथ्या दिवशी मधूनं अंघोळ केली, धूतवस्त्र नेसला, म्हणजे तो शुद्ध झाला. केस ओले, तसाच ओसरीवर आला आणि माझ्याजवळ बसायला लागला. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मधू, लांब बस. आमाला सुतक आहे, तुझं फिटलं." अण्णा गावचे जोशी होते, त्यांनी आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं, तेच त्यांच्या तोंडून निघालं. मधूनं त्यांच्याकडं पाहिलं, उठला आणि दोन हात सरकून पायरीवर बसला.

तात्या निघाले तरी तो गेला नाही. दहावा दिवस होईपर्यंत राहीन म्हणाला, आणि राहिला. रोज त्याच पायरीवर, तेवढ्याच अंतरावर बसायचा. वेगळं जेवायचा. गाडी गेली की फळीवरची भांडी खुळखुळायची आणि अण्णा, तो आणि मी, तिघंही तिकडं बघायचो. नवव्या दिवशी अण्णा आणि दादा उद्याची तयारी बघायला नदीवर गेले होते, तेव्हा त्यानं मला विचारलं, "अक्का, इथं होतो तवा मी तिला आई म्हणायचो का गं? मला आठवत नाही. एकदा तरी?"

"म्हणायचास की," मी म्हणाले. "दिवसभर म्हणायचास. तिला जागचं हलू द्यायचा नाहीस."

त्यानं मान हलवली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. मी दोन हात अंतरावर बसून राहिले. पुढं आम्ही भाऊबहीण म्हणून पुष्कळ जगलो. त्याची लेकरंबाळं झाली, आत्याचं त्यानं शेवटपर्यंत सगळं केलं. मी गेले की सगळ्यांना कौतुकानं सांगायचा, मी लहानपणी आईला जागचं हलू देत नव्हतो, अक्काला विचारा. मी हो म्हणायची. गेल्या उन्हाळ्यात तोही गेला, त्याच्या सामानात कुंची निघाली, आणि आता हे लिहायला कुणाची हरकत नाही. तो आमच्या घरी होता तोवर त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. वेखंडाचा गुण येईपर्यंत आईला थांबता आलं नाही. तो बोलायला लागला तो पाथरीला गेल्यावर.